डावऱ्याचा वाटा

१

बांबू चिरायला सकाळची वेळ बरी. रात्रीच्या गारव्यानं तो नरमलेला असतो, कोयत्याशी भांडत नाही. म्हणून त्या घरात चहाच्या आधी शेडचं दार उघडायचं. सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, दारातल्या उजेडात बसून कामट्या तासायचे. नणंद तोंडाचा पट्टा चालू ठेवून खिडक्यांचे पडदे विणायची. आणि थोरली बांबू चिरायची. ती घरातली थोरली सून, पण आता अख्खी वस्तीच तिला थोरली म्हणत होती.

भिंतीलगत लांब बाकडं होतं. त्याच्या डाव्या टोकाला कुणी बसत नसे. बसू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. ती जागा तिच्या नवऱ्याची. तो डावखुरा, त्यामुळे त्याला टोकच लागायचं, नाहीतर शेजारच्याच्या कोपरावर कोपर आपटायचं. लोक त्याला डावरा म्हणत आणि तो त्या नावाला ओ देई.

शेडच्या मागून रान सुरू व्हायचं. ही माणसं रस्त्याच्या आधीची, कचेरीच्या आधीची. रान आमचं आहे असं ती म्हणत नसत. रान आमच्याकडे आहे, असं म्हणत. कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिल्यासारखं. प्रत्येक घराकडे राखायला एक वाटा, आणि प्रत्येक वाट्याला एकच हात. वाहायला, बांधायला दहाजण जातील, पण कुठला बांबू पिकला, कुठला अजून राहू द्यायचा हे ठरवून कोयता घालणार तो एकच.

तो माणूस गेला की वाटा बंद. वाटेवर एक वेल आडवी बांधायची आणि आत कुणी पाऊल टाकायचं नाही. तोडलेल्या बांबूचा खुंट आधी पांढरा असतो, मग करडा होतो, मग काळा. त्या हाताचे सगळे खुंट काळे पडले की रान तो हात विसरलं असं समजायचं, आणि मग नवा हात आत जायचा. खुंट बघायला सगळ्यांत जवळच्या माणसानं जायचं, एकट्यानं, वेलीच्या अलीकडूनच बघायचं आणि परत येऊन घरच्या मोठ्यांना एकच शब्द सांगायचा. आहे, किंवा गेला.

डावरा गेल्यापासून त्याच्या वाट्याचे खुंट बघायला थोरली दर बाजाराच्या आदल्या दिवशी जायची. त्या दिवशी वाटेनं जाताना तिनं तो दुसरा शब्द तोंडात घोळवून पाहिला. खुंट गेल्या खेपेलाच काळवंडत आले होते. शब्द कोरडा लागला, पण जिभेवर बसला.

वेलीपाशी पोचली तर सगळे खुंट काळे होते. एक सोडून.

एक खुंट पांढराफेक होता. कडेला अजून पाणी होतं. आणि त्याचा उतार उलटा होता. उजव्या हाताची तोड एकीकडे उतरते, डाव्या हाताची दुसरीकडे. हे या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही. वेलीवरून वाकून तिनं हात लांब केला. बोट ओलं झालं.

घरी आबा तासणं थांबवून तिच्याकडे बघत होते.

“अजून आहे,” ती म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि पुन्हा तासायला घेतलं.

२

थोरली शाळा शिकलेली बाई होती. शहरातल्या दुकानांची बोलणी तीच करायची. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की ती उठून भांडी घासायला जायची. तेव्हा तिनं आधी मनाची समजूत घालून पाहिली. चोर असेल. पण चोर एक बांबू नेत नाही आणि पेराच्या बरोबर वर, पाणी साचणार नाही अशी तोड करत नाही. वस्तीतलाच कुणी असेल. पण वेल ओलांडणारा वस्तीत अजून जन्मला नव्हता.

डावऱ्याचा कोयता शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता. तो काढून पाहिला. पात्यावर गंज, मुठीवर कोळ्याचं जाळं. जाळं मोडलं म्हणून तिला उगीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती लोहाराकडे गेली.

“उलट्या धारेचा कोयता कुणी करून नेला का हो, इतक्यात?”

लोहारानं भाता सोडला. “उलटी धार मी एकाच गिऱ्हाइकासाठी लावायचो. आणि प्रत्येक वेळी शिव्या घालायचो त्याला. म्हणायचो, तुझ्यापायी माझा दगड वाकडा झिजतो.” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “नाही गं ताई. त्याच्यानंतर कुणी नाही. का?”

“सहज.”

“सहज कुणी लोहाराकडे येत नाही,” तो म्हणाला, पण पुढे विचारलं नाही.

रात्री खोलीत तिनं दिवा जरा उशिरापर्यंत ठेवला. खोली लहान. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला त्यानंच केलेलं बांबूचं कपाट, ज्याचं दार डाव्या हातानं उघडायला सोपं आणि उजव्या हाताला अवघड. वीस वर्षं ती त्या दारावरून त्याच्याशी भांडली होती. आता ते अवघड दार ती रोज उघडायची आणि बिजागरी बदलून देतो म्हणणाऱ्या सुताराला तिनं दोनदा परत पाठवलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं स्वतःशी चाचपून पाहिलं, जसं दुखऱ्या दाढेला जिभेनं चाचपतात. भीती होती. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. बाजाराचा पुढचा दिवस कधी उजाडतो असं तिला झालं होतं.

३

पुढच्या खेपेला ताजे खुंट जास्त होते, पण जरा आत. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी आत. बांबूच्या बेटाच्या मधोमध शिरायला वाट करत जावं, जुने पिकलेले बांबू आतून काढावेत आणि बाहेरचे तरणे बांबू वाऱ्याला आड म्हणून उभे ठेवावेत, ही डावऱ्याची पद्धत होती. काम चोख चाललं होतं. तोडलेले बांबू मात्र कुठे दिसत नव्हते.

मग आवाज आला. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना.

एक हलका घाव. मग मधे थोडी उसंत, जेवढ्यात माणूस श्वास आत घेतो. मग एक जड घाव. पहिल्या घावानं जागा धरायची आणि दुसऱ्यानं तोडायचं, असं तो करायचा. बाकी सगळे एका दणक्यात काम उरकतात. “तुम्ही बांबूची परवानगी मागता की काय?” असं ती त्याला चिडवायची.

ती वेलीपाशी बसून ऐकू लागली. आवाज आला, थांबला, परत आला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. सुतारपक्षी असेल, तिनं मनाला सांगितलं. मन म्हणालं, बरं.

त्यानंतर, आठवड्यातून एकदा जाणारी ती वरचेवर जाऊ लागली. दुपारचा डबा शेडमध्ये न खाता वेलीपाशी नेऊन खायची. जेवताना बोलायची. मोठं काही नाही. पडद्यांच्या दुकानदारानं रंग बदलून मागितलाय. आबांच्या गुडघ्याला नवीन तेल आणलंय, वास असा की मांजर घर सोडून गेलं. तुमची बहीण परवा मला उलटून बोलली आणि स्वतःच रडली. ती बोलत असताना घाव थांबायचे. बोलणं संपलं की पुन्हा हलका, मग जड.

एकदा ती म्हणाली, “अहो, एकदा तरी इकडे या ना, वेलीपर्यंत.”

त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं आपण चूक केली. मग आवाज आला. नेहमीपेक्षा लांबून नव्हे, आणि जवळूनही नव्हे.

घरी येऊन ती म्हणायची, “अजून आहे.” खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. ऐकणारे समजायचे, जुने खुंट काळे पडायचे राहिलेत. तिनं समजू दिलं.

४

मोजणी येणार असल्याचं नणंद बाजारातून ऐकून आली.

वनखात्याचा नवा नियम होता. ज्या रानात राखण चालू दिसेल तेवढंच वस्तीकडे राहणार. जिथे माणसाचा हात दिसणार नाही ते पडीक धरून खातं घेणार. डावऱ्याचा वाटा ओढ्याच्या उगमाला लागून होता. तो गेला तर खालचे सगळे वाटे दुसऱ्याच्या दारात पाणी भरायला गेल्यासारखे.

शेडमध्ये त्या दिवशी कुणी काम सुरू केलं नाही.

“वहिनी, मी सरळ बोलते,” नणंद म्हणाली. “इतके दिवस कुणाचे खुंट टिकत नाहीत. माझ्या भावाचे काय लोखंडाचे होते?”

“तू गप गं,” आबा म्हणाले.

“का गप? तिकडे डबा घेऊन कोण जातं? मला दिसत नाही का? येताना चेहरा असा असतो, जसा...” नणंद अडखळली. “जसा लग्नानंतर नवा नवा असायचा. मला बरं वाटतं बघून. आणि मग रात्री झोप येत नाही.”

थोरली हातातल्या कामटीचे तंतू सोलत राहिली.

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस पोरी. मोजणीसाठी तर मुळीच नको. नसेल गेला, तर नाही गेला. वाटा जाईल, जाऊ दे. पण गेला असेल तर तुझाच हात लागणार आहे तिथे. डावऱ्यानंतर तूच.” ते थोडे थांबले. “माझाही मुलगाच होता तो. मला कधी ऐकू आलं नाही.”

थोरलीनं मान वर केली. आपण आवाजाबद्दल कुणालाच काही बोललो नाही, हे तिच्या लक्षात आलं. आबांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी चष्मा लावला आणि पाती पुसायला घेतली.

“आहे, आबा,” ती म्हणाली. “अजून आहे.”

५

मोजणीवाली बाई तरुण होती, उन्हानं लाल झालेली आणि बोलायला मोकळी. तिच्या खांद्याला पट्ट्यानं नोंदी घ्यायचं यंत्र लटकलेलं होतं आणि बुटात वाळू गेली होती. सगळे वाटे फिरून झाल्यावर ती थोरलीबरोबर वेलीपाशी आली.

“हे काय, दोरी?”

“वेल आहे. आत जात नाही आम्ही.”

“का?”

“राखणदार वारले.”

“अरेरे. कधी?”

थोरलीनं सांगितलं. बाईनं यंत्रावरची धूळ पुसली. मग म्हणाली, “मग ताई, हा बंद लिहावा लागेल मला. माझा नाइलाज आहे हो. तरी जरा वरून बघून येते. त्या टेकाडावरून आतलं दिसेल. वेलीच्या बाहेरूनच जाते, काळजी करू नका.”

टेकाड वेलीच्या बाहेर होतं, पण वस्तीतलं कुणी कधी त्यावर चढून आत डोकावलं नव्हतं. बंद वाट्यात डोकावू नये, एवढं साधं होतं ते. थोरली खाली थांबली. दुपार कलली होती. आतून आवाज येत नव्हता.

मग आला. हलका. जड. हलका. जड. कधी नव्हे इतका भराभर.

बाई उतरून आली ती हसत. “काय ताई, घाबरवलंत ना मला! चालू आहे की काम आत. मी उगीच बंद लिहीत होते.”

थोरलीनं विचारलं, “कोण आहे?”

“मला काय माहीत, तुमचा माणूस. डावखुरे आहेत ना? पाठमोरे होते. मी हाक मारली. थांबले, पण वळले नाहीत.”

मनात जे उठलं ती भीती नव्हती, हे तिला स्पष्ट कळलं. तो हेवा होता. इतक्या दुपारी ती इथे बसली, आणि बूट झाडणाऱ्या या परक्या पोरीला तो दिसला.

“कसे दिसत होते?” तिनं विचारलं.

“कसे म्हणजे? दमल्यासारखे,” बाई यंत्रावर बोटं चालवत म्हणाली. “एक विचारू? तुम्ही लोक कोवळे कोंबही तोडता का? मी तर ऐकलं होतं की तुमच्यात कोंबाला हातसुद्धा लावत नाहीत. त्यांच्या पायाशी कोंबांचा केवढा ढीग होता. जुना एकही बांबू उभा दिसला नाही मला मधे. नुसते कोंब तोडत होते, एकामागून एक.”



कोंबाला कोयता लावायचा नाही हे या माणसांची पोरं चालायच्या आधी शिकतात. कोंब गेले की बेट पुढच्या पावसात फुटत नाही. मग वाळतं. मग ओढ्याचा काठ ढासळतो. डावऱ्यानं उभ्या आयुष्यात एक कोंब तोडला नव्हता; पायाखाली आला तर तो दिवसभर हळहळायचा.

आतले पिकलेले बांबू संपले होते. कधीच संपले असतील. पण ती येत होती, ताजा खुंट शोधत होती. तो दिसला की तिचा चेहरा फुलत होता. दिसला नाही तर ती घरी जाऊन तो दुसरा शब्द बोलली असती. म्हणून तो तोडत होता. हाताशी जे राहिलं होतं ते.

“चालू असं लिहिते,” बाई म्हणाली. “वाटा तुमच्याकडेच राहिला, सुटलात. आता फक्त राखणदाराचं नाव सांगा. आतल्यांचं.”

वाटा वाचला होता. आता कुणी काही विचारणार नव्हतं. ती उद्याही डबा घेऊन येऊ शकत होती, परवाही. बेट वाळायला अजून वेळ होता.

“ताई? नाव?”

“माझं लिहा,” थोरली म्हणाली.

६

मोजणीवाली वळणावर दिसेनाशी झाल्यावर तिनं कमरेचा कोयता हातात घेतला, वाकली आणि वेलीखालून आत गेली.

आत घरासारखं होतं. बाहेरच्या बांबूंच्या भिंती, वर पानांचं छत, खाली वाळक्या पाल्याचा मऊ थर, त्यावर पाऊल पडलं की आधी आवाज यायचा आणि मग पाऊल पडल्याचं कळायचं. उजेड हिरवा होता. मधे गेली तसे कोंबांचे खुंट लागले. पांढरे, ओले, घोट्याएवढे. प्रत्येकातून पाणी झरत होतं. ती त्यांच्यावर पाय पडू न देता चालली. वास इतका गोड होता की मळमळायला लागलं.

हलका घाव. अगदी पुढ्यात, एका बेटाच्या पलीकडे.

त्या बेटाच्या कडेला एकच कोंब उरला होता. तो थरथरत होता. ती दोन ढांगांत पोचली आणि जड घाव पडायच्या आत तिनं तो डाव्या मुठीत घट्ट धरला.

पलीकडूनही तो कुणीतरी धरला होता. खालच्या अंगाला. तिला ओढ जाणवली, जशी दोघांनी धरलेल्या चादरीची जाणवते.

बांबूंच्या फटीतून एक मनगट दिसत होतं. त्यावर कोंबांच्या सालीची बारीक लव चिकटली होती. बोटांची पेरं सुजून फुटली होती. बाकी सगळं बेटाच्या आड होतं. एक पाऊल उजवीकडे टाकलं असतं तर चेहरा दिसला असता.

तिला ते पाऊल टाकायचं होतं. आयुष्यात कधी काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. त्यानं वळून बघावं आणि रोजच्यासारखं काहीतरी फालतू बोलावं, गुडघ्याच्या तेलाबद्दल, मांजराबद्दल.

“अहो,” ती म्हणाली. कोंबावरची मूठ आवळली. तिनं पुन्हा सुरुवात केली. “अहो, सोडा आता. ह्या वर्षीचा आहे तो.”

ओढ तशीच राहिली.

“मी येणार आहे रोज. खुंट असो, नसो. इथे माझंच काम आहे आता. तुम्ही नका तोडू माझ्यासाठी.” मग तिला वाटलं एवढं पुरत नाही, म्हणून तिनं जे म्हणायचं नव्हतं तेही म्हटलं. “मी सांगते घरी. गेला म्हणून सांगते.”

मनगट हललं नाही. मग बोटं सुटायला लागली, एकेक करून, वेळ लावून, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा तशी. कोंब मोकळा होऊन झटक्यात सरळ झाला आणि वरून तिच्या तोंडावर पाणी शिंपडलं गेलं. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा फटीत नुसता हिरवा उजेड होता.

कोंब मात्र बराच वेळ हलत होता. तो पुरता थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग बाहेरच्या कडेचा, आता जून झालेला एक बांबू निवडला, हातानं चाचपला आणि एका दणक्यात तोडला. उजव्या हाताचा तिचा खुंट त्या सगळ्या खुंटांत परका दिसत होता.

वेलीच्या पलीकडे पावलं वाजली. काठीचा आवाज, आणि नणंदेची दबकी कुजबुज. घाव तिथपर्यंत ऐकू गेला असणार.

“कोण आहे आत?” आबांनी हाक घातली. म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. आशेनं की भीतीनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उत्तर द्यायच्या आधी ती थोडी थांबली. न जाणो, दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल.

रान गप्प होतं.

“मी आहे, आबा,” ती म्हणाली. “एकटीच.” आबांना ऐकू जाण्यासाठी लागलं असतं त्यापेक्षा तिनं ते जरा मोठ्यानं म्हटलं, आणि तोंड वेलीकडे नव्हतं, बेटाकडे होतं.